मोगऱ्यापर्यंतची गाडी

तीन रिटायर माणसं एका शेडखाली बसली की काम होवो न होवो, किस्से मात्र धूळ बसावी तसे साठतात! आमची शेड एकलहऱ्याजवळ, पिंगळे अण्णांच्या मळ्यात. अण्णा, शौकतभाई आणि मी, तिघंही पॉवर हाऊसमधून निवृत्त.

अण्णांनी सिन्नरच्या भंगारवाल्याकडून एक जुनाट इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट आणली, ती सुमनवहिनींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. टेकाडावरचा मोगरा वहिनींनीच लावलेला. पण गुडघे गेले आणि चढ बंद झाला. अण्णा रोज ओंजळभर फुलं खाली आणून द्यायचे. एकदा वहिनी म्हणाल्या, "फुलं येतात हो, वरचा वारा नाही येत." आम्हाला फार वाईट वाटलं.

*

पहिल्या दिवशी वहिनींना घेऊन गाडी निघाली. आवाज म्हणून नाही! वाळक्या पानांवरून झोपेत चालल्यासारखी. अर्ध्या चढावर थांबली आणि हळूच मागे घरंगळत परत दारात आली.

वहिनी म्हणाल्या, "चला, माझ्या गुडघ्यांना मैत्रीण मिळाली!"

*

"छत्तीस व्होल्टची अठ्ठेचाळीस करू," शौकतभाई म्हणाले. "दोन बॅटऱ्या वाढवू, कंट्रोलर नवा टाकू."

अण्णा कपाळाला हात लावून बसलेले. "अरे, गावोगाव वीज दिली आपण, आणि बायकोला एक चढ चढवता येईना!"

*

ट्रायलला अण्णांनी पेडल दाबलं आणि गाडी सुसाट सुटली... मागे! मोटरच्या वायरी उलट्या लागलेल्या. अण्णा थेट कोथिंबिरीत!

शेजारचा सोपान बांधावरून ओरडला, "लय पावर हाय, अण्णा! फकस्त तोंड फिरवा!"

*

मग चैत्रातली ती संध्याकाळ. चौघंही बसलो आणि गाडी न कुरकुरता चढली. वर मोगरा नुसता घमघमत होता. वारा सुटलेला. वहिनी डोळे मिटून कितीतरी वेळ बसून राहिल्या. अण्णांचे डोळे भरून आले, माझेही.

मग वहिनी म्हणाल्या, "उतरा."

आम्ही तिघं उतरलो. वाटलं, फुलं तोडून हवी असतील. तर वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर सरकल्या! त्यांना साधी सायकल चालवताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"अगं सुमन, कुठे?" अण्णा ओरडले.

गाडी पलीकडच्या उतारावरून कॅनॉलच्या रस्त्याला लागली. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. वळणावर उजवा हात मात्र रीतसर बाहेर काढला!