माझ्या झाडाचं पान

फौजेतून परत आल्यावर मी आटपाडीजवळच्या आमच्या रानात डाळिंब लावलं, आणि फोनवरच शेती शिकलो. रोगट पानाचा फोटो डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर टाकला की कुणीतरी जाणकार औषध सांगायचा. माझ्या चुलत्यांचीही बाग होती. त्यांची उमर मेंढरांमागं गेलेली, वाचता येत नव्हतं, हातात बटणांचा फोन. म्हणून त्यांचं विचारायचं काम माझ्याकडं.

एका दुपारी ते ओसरीवर आले. "पानांवर ठिपकं दिसत्यात रं. येऊन फोटू काढतोस का?"

"काढतो, तात्या. तुमी व्हा म्होरं."

गेलो नाही. त्यांचं रान ओढ्यापलीकडं, ऊन मी म्हणत होतं. माझ्याही झाडांवर ठिपके होतेच. तेच असणार, असं धरून मी माझ्याच पानाचा फोटो टाकला. बुरशी आहे, असं उत्तर आलं. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि विसरलो. तात्यांनी दोनदा फवारलं.

आठ-दहा दिवसांनी ते एक फळ घेऊन आले. तेलकट काळा डाग, मधोमध तडा. तेल्या रोग. बुरशीच्या त्या औषधाचा त्यावर काही उपयोग नव्हता, आणि तोवर रोगानं निम्मी बाग धरली होती.

"फोनचं चुकलं आसंल," तेच मला समजावू लागले. "मशीनच ते. त्याला काय कळतंय?"

मी हो म्हणून मान हलवली. ती हललेली मान मला अजून आठवते.

मग आम्ही दोघं डागी फळं तोडून खड्ड्यात पुरू लागलो. तोडण्याआधी तात्या प्रत्येक फळ हातात फिरवून बघत, एखादं वाचतंय का म्हणून. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही.

"तात्या, तो फोटो तुमच्या झाडाचा नव्हता. मी आलोच न्हाई."

त्यांनी कात्री धोतराला पुसली. "मग तवाच सांगायचं की. मी दुसऱ्या कुणाला तरी इचारलं आसतं." एवढंच बोलून ते पुढच्या झाडाकडं वळले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निम्मी बाग हाती लागली. दिवाळीला त्यांनी मोठा फोन घेतला, नातीनं तो शिकवला. आता ग्रुपवर त्यांचे फोटो येतात, कोपऱ्यात अंगठा आलेले, खाली त्यांच्या आवाजातला प्रश्न. आमच्याकडं ते चहाला येतात, पोरांची चौकशी करतात. बागेचं मला काही विचारत नाहीत.