पुलाखालची उंची

बऱ्याच केसेस विसरलो, ही राहिली. मी शिकलेला कमी. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन घरी बसलो. तेव्हा भोसरीच्या ठाण्यात होतो.

दवाखान्यातून खबर आली. एक वर्कशॉपवाला डोकं फुटून बेशुद्ध, आणणारा त्याचा चुलतभाऊ. दोघांनी मिळून कोकणातल्या एका हॉटेलवाल्यासाठी केबिनची मोटारबोट बांधली होती, ती तिकडच्या नदीत चालवून बघायला गेले होते. जखमीची बायको ठाण्यात येऊन बसली. यानंच मारलं, दुसरं बोलेना. वर्कशॉपमधला आहे म्हणत एकाचा निनावी फोनही आला, की वाटणीवरून दोघांची झोंबाझोंबी झाली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जखमी वारला.

चुलतभावाला समोर बसवला. तो सांगत होता ते असं. जाताना पुलाखालची उंची मयतानं मापली. तो छपरावर बसला तरी डोक्यावर हातभर जागा राहिली. त्याची सवयच ती. चाकणला ट्रेलरवरून मशीन पोचवताना तो असाच उंची बघायला वर बांबू घेऊन बसायचा. दुपारी परत येताना माप झालेलंच होतं, म्हणून पुलाकडं पाठ करून बसला. यानं बोट मागं घ्यायला बघितलं, तर पाणीच पुढं ढकलत होतं, आणि पुलाची लोखंडी तुळई मागनं त्याच्या डोक्यात बसली.

मी म्हणालो, "सकाळी वर असलेला पूल दुपारी खाली आला व्हय रे?"

"मला न्हाई कळत, साहेब. पण आला."

आमच्या पवनेला पाणी चढतं ते पावसानं, न्हाईतर धरणातून सोडल्यावर. त्या दिवशी तिकडं ढगसुद्धा नव्हता. खोटं बोलतोय हे ठरलंच होतं आमचं.

माझी बायको कोकणातली, खाडीकाठची. जेवताना तिला सांगितलं, तर तिनं विचारलं समुद्र किती लांब. म्हटलं, पुलावरून दिसत पण नाही.

"न दिसेना. भरतीचं पाणी आत येतंच," ती म्हणाली. "अहो, आमच्याकडे पूल बघून होडी घालत नाहीत, पाणी बघून घालतात. इतकी वर्षं पोलिसात काय केलंत?"

साहेबांना सांगून चुलतभावाला घेऊन तिकडं गेलो, सोबत पंच. पुलाच्या खांबाशी उभे राहिलो. पाणी एकेक दगड गिळत वर आलं. समुद्राकडच्या बाजूला, जिकडनं बोट परतत होती तिकडं, तुळईच्या खालच्या कडेला रक्त आणि केस चिकटलेले होते. बोटीच्या छपराचा कठडा पुढून मागं वाकलेला होता, त्यावर तुळईचा गंज. पंचनामा झाला. खून नव्हताच. चुलतभाऊ तिथंच चिखलात बसून रडला.

मयताच्या बायकोला सांगायला मीच गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग आता मी बोल कुणाला लावू, साहेब?"

निरपराध माणूस सुटला एवढं समाधान घेऊन मी निघालो.

पुढं काही वर्षांनी माझी बायको गेली तेव्हा मी डॉक्टरांसमोर बसून त्यांना उलटसुलट प्रश्न विचारले, आरोपीला विचारावेत तसे. त्यांची चूक निघाली नाही. गुन्हेगार नसला की पोलीस फाइल बंद करतो. घरच्या माणसाचा तपास मात्र चालूच राहतो, आणि तो दुसऱ्या ठाण्याकडं वर्ग करता येत नाही.