शेपूट असलेली रेघ

दाजींना दाजी म्हणायचा हक्क तसा एकाचाच, त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाचा. पण तो त्यांच्या हाताखाली कामाला लागला आणि दिवसभर 'दाजी, पाना द्या', 'दाजी, चहा घ्या' करत राहिला. बघता बघता साहेबापासून वॉचमनपर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. एवढ्या लोकांचं दाजी होणं म्हणजे काय चेष्टा आहे? पण ते नुसते हसायचे.

गाड्या चार्ज करायची मशिनं तपासायची आणि दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. लोकांना वाटतं, केबल ओढली, गाडीला लावली, झालं. मशिनचं दार उघडून बघा म्हणावं एकदा! आत अंगठ्याएवढ्या जाड केबली आणि त्यांना धरून ठेवणारे सहा बोल्ट. त्यातला एक जरी सैल राहिला तरी ती जागा तापते, आणि तापता तापता एक दिवस पेटते. म्हणून बोल्ट आवळायचा तो मापाच्या पान्याने. पुरता आवळला गेला की पाना 'कट्' करतो. मग बोल्टवरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाच्या पेनने रेघ मारायची. रेघ मारली म्हणजे हा बोल्ट मी आवळला, जबाबदारी माझी. प्रत्येकाचा रंग वेगळा. दाजींचा पिवळा, मेहुण्याचा लाल.

मेहुण्याला हे सगळं दाजींनीच शिकवलं. बायकोने शब्द टाकला होता, "एकुलता एक भाऊ आहे माझा. दोन लेकरं आहेत पदरात. त्याला जरा सांभाळून घ्या." दाजींनी साहेबांच्या मागे लागून त्याला चिकटवला आणि पहिल्याच दिवशी दम भरला, "एक बोल्ट, एक रेघ. मगच पुढचा बोल्ट. सगळे आवळून मग सगळ्या रेघा, असला शहाणपणा केलास तर याद राख."

मेहुण्याने कान पकडले. आणि खरंच, गडी इतका काटेकोर निघाला की बाकीचे त्याची टिंगल करायचे. त्याची रेघ पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. दाजींची मात्र शेवटी हटकून उजवीकडे वळायची. मेहुणा म्हणायचा, "दाजी, तुमच्या रेघेला उंदराचं शेपूट फुटलंय."

आणि एवढा दम भरणाऱ्या माणसाने स्वतः काय करावं? दाजींचे गुडघे कुरकुरायला लागले होते. मशिनसमोर उकिडवं बसायचं, पाना ठेवायचा, पेन घ्यायचं, पेन ठेवायचं, पुन्हा पाना घ्यायचा. जीव मेटाकुटीला यायचा. मग ते सहाही बोल्ट ओळीने आवळून शेवटी सहाही रेघा ओढायला लागले. मेहुण्याची पाठ वळली की. वर्षभर काही बिघडलं नाही.

एका दुपारी मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दोघं दोन टोकांच्या मशिनांवर होते. दाजींचं पिवळं पेन वाळून गेलं होतं, म्हणून त्यांनी मेहुण्याचं लाल मागून आणलं होतं. चार बोल्ट झाले आणि बायकोचा फोन आला. येताना साबण आणा, बाकी काही नाही. फोन खिशात टाकला, पेन उचललं, सहा रेघा मारल्या, दोघांत एकच असलेल्या कंपनीच्या मोबाइलने फोटो काढून ऑफिसला पाठवला आणि दार लावलं. पाचवा आणि सहावा बोल्ट तसेच राहिले.

नवव्या दिवशी ते मशिन पेटलं. विझवायला धावलेल्या वॉचमनचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दोन लेकरांना शाळेत सोडून कामावर येणारा साधा माणूस! वर्दी कापून काढावी लागली त्याची. मशिन उघडलं तर दोन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले.

साहेबांनी दोघांना बोलावलं. दाजी सकाळपासून एकच वाक्य घोकत होते, 'साहेब, पेन त्याचं होतं, पण हात माझा होता.' साहेबांनी फोटो टेबलावर टाकला. सहा लाल रेघा, आणि सहाही रेघांना शेपूट.

"लाल रंग कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

मेहुणा फोटोवर वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मान वर करून दाजींकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. दाजींनाही कळलं, की याला कळलंय.

अहो, बोला की आता! सकाळपासून घोकलेलं वाक्य, एका श्वासाचं. पण दाजींना तेवढ्यात आपले गुडघे आठवले, आपलं छप्पन्न वय आठवलं, आणि या वयात आपल्याला कोण दारात उभं करणार, हे आठवलं. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले.

"लाल माझा, साहेब," मेहुणा म्हणाला.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

घरी बायकोने डोळ्यांतून पाणी काढलं. "तुम्ही तिथेच होतात ना? त्याच्यासाठी दोन शब्द बोलला नाहीत?"

"बोललो," दाजी म्हणाले. "ऐकलं नाही त्यांनी." आणि जेवायला बसले. ताटातलं सगळं संपवलं, तिला शंका येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मेहुणा वर्दी आणि हत्यारं जमा करायला आला. दाजी गेटपाशी उभे होते. रात्रभर ठरवलं होतं त्यांनी, त्याचे हात धरायचे, माफी मागायची. तो समोर आला आणि दाजींनी त्याच्या हातातली हत्यारांची पेटी तेवढी घेतली.

"ताईला काही सांगू नका," मेहुणा म्हणाला. "तिला सोसायचं नाही." दोन पावलं गेला आणि थांबला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच शब्द जास्त लागले. "दाजी, एक बोल्ट, एक रेघ."

रोज निघताना 'येतो दाजी' म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही.

दाजींची नोकरी आहे अजून. ते आता एक बोल्ट आवळतात, एक रेघ मारतात, मगच पुढचा घेतात. गुडघे ओरडले तर ओरडू देतात. बाकीचे अजून त्यांना दाजी म्हणूनच हाक मारतात. पहिल्या हाकेला ते वळत नाहीत. दुसऱ्यांदा मारावी लागते.