कर्ण्यावरून पुकारलेली कळशी

मला कर्ण्यांचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. कर्णे म्हणजे लाऊडस्पीकरचे ते जुने भोंगे, लांब नळीचे, तोंडाशी धोतऱ्याच्या फुलासारखे पसरलेले. पूर्वी लग्नात, सप्ताहात, जत्रेत ते झाडाला बांधलेले असत. डीजे आल्यावर सगळे भंगारात गेले, तेव्हा डीजेचं त्यातल्या त्यात एक पुण्याचं काम झालं असं मी म्हणत असे. आणि गेल्या वर्षी आमच्या मालकांच्या डोक्यात नेमके तेच कर्णे विकत घ्यायचं भरलं.

मालक म्हणजे माझा नवरा. आमच्या श्रीगोंद्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. कशाचे मालक, ते विचारू नये. साखर कारखान्यात उभा जन्म काढून ते निवृत्त झाले. तिथं त्यांच्या हाताखाली माणसं होती, एक शब्द टाकला की चौघं धावत. घरी मी एकटी, आणि मी धावत नाही. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे. रडून, लोळून हट्ट करणारे माझ्यापुढे पुष्कळ येऊन गेले.

तर घरात कुणी ऐकेना म्हणून हे दिवसभर मोबाईलवर कर्णे बघत बसायचे. जुने कर्णे शोधून, दुरुस्त करून, रंगवून विकणारी माणसं आहेत आणि ते घेणारे शौकीन त्यांच्याहून जास्त आहेत, हे मला तेव्हा कळलं. एक जण आपल्या दारातला कर्णा वाजवून दाखवतो आणि बाकीचे शंभर जण हात जोडतात. त्यातच कोपरगावकडचा एक कारागीर यांना सापडला.

"जोडी हाय," मालक म्हणाले. "आतला पडदा नवा टाकलाय. संगं जुनं मशीनबी देतोय."

"ठेवनार कुठं?"

"गच्चीवर."

"आन् ऐकनार कोन?"

"गाव ऐकंल की."

"गावानं काय पाप केलंय?"

किंमत सांगितली तेव्हा मी गहू निवडत होते. हातातलं सूप खाली ठेवलं. तेवढ्या पैशांत एक दुभती गाय दारात आली असती. तसं बोलून दाखवल्यावर म्हणतात कसे, "गाय वाजत न्हाई." मी म्हटलं, "नशीब तिचं."

आमच्या दोन्ही मुली नांदायला गेल्या आहेत. त्यांनी फोनवर बापाला एकच सांगितलं, आई हो म्हणाली तर घ्या. त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं, आणि पंधरा दिवस मालक असे गोड झाले की माझीच मला शंका यायला लागली. सकाळचा चहा स्वतः करायचे आणि गॅस चालू ठेवून चहा घेऊन यायचे. बाजारातून मेथी आणली, तीही निवडून देतो म्हणाले. मी नाही म्हणत होते ते पैशासाठी, असं त्यांनी धरलं होतं. का नको, हे पंधरा दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कारण मी विसरले नव्हते.

आमचं लग्न माझ्या माहेरी लागलं, कर्जत तालुक्यात. आमच्या गावात तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता. मालकांच्या चुलत्यांची मात्र स्वतःची लाऊडस्पीकर सर्व्हिस होती, म्हणून वऱ्हाडानं येताना कर्णे बरोबर आणले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खाली कडबा घालून, वऱ्हाड्यांपेक्षा जास्त जपून आणले. देवळापुढच्या लिंबाला चारी दिशांना चार तोंडं करून बांधले.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि या चुलतसासऱ्यांनी माईक हातात घेऊन आहेर पुकारायला सुरुवात केली. तेव्हाची रीतच होती. कुणी काय दिलं ते नावानिशी सगळ्या गावाला ऐकवायचं. टॉवेल-टोपी, लुगडं, पाच रुपये, अकरा रुपये. मुलीच्या बापानं दिलेली भांडी तर मांडवात ओळीनं मांडलेली असत आणि पुकारणारा एकेकावर बोट ठेवत जाई. भांडी कोरी लागत. लेकीच्या संसाराचं भांडं आधी कुणी वापरलं, तर ते दिलं असं कुणी धरत नसे.

मी आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात बसले होते. बाहेरून आवाज येत होता, "हंडा एक! घंगाळ एक! परात एक! तांबे दोन!" मग ते थांबले. कर्ण्यात नुसती खरखर. आणि मग, "कळशी... कळशी न्हाई! पाव्हनं कळशी इसारलं जनू!"

मांडव हसला. ते हसणंसुद्धा माईकनं उचललं आणि चारी दिशांना पाठवलं. मळ्यात पाणी धरणाऱ्या माणसालाही कळलं, की माझ्या बापानं पोरीला कळशी दिली नाही. माझ्या हातातला हिरवा चुडा तेव्हा मला जड वाटला होता, तो अजून आठवतो.

कळशी होती. मी स्वतः वडिलांबरोबर नगरला जाऊन, भांड्यांच्या दुकानात बोटानं वाजवून निवडलेली पितळी कळशी होती. झालं होतं असं, की ऊन वैशाखातलं, वऱ्हाड दोन तास उशिरा आलं आणि पाण्याचा टँकर त्याहून उशिरा. ड्रम रिकामे झाले. माणसं पाणी पाणी करायला लागली, तेव्हा माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मांडलेल्या भांड्यांतली कळशी उचलली, विहिरीवरून भरून आणली आणि व्याह्यांच्या माणसांना पाणी पाजत फिरले. तहानलेला पाहुणा समोर असताना त्यांना रीत सुचली नाही. आणि भांडी पुकारली तेव्हा कळशी त्यांच्याच हातात होती. ही बघा म्हणाले असते, तर वापरलेलं भांडं दिलं म्हणून पुन्हा हसले असते. ते गप्प राहिले. हे सगळं मला मांडवपरतणीला गेल्यावर आईनं सांगितलं.

महिन्याभरात दुसरी कळशी आली. तिच्यावर वडिलांचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत घातलेलं, की दिसत नसलेल्याच्याही हाताला लागावं. माझे वडील लग्नं जुळवणारे म्हणून चार गावांत मानाचे होते, बैठकीत त्यांच्या शब्दावर दोन्हीकडची माणसं उठत. त्या दिवसानंतर ते एकाही बैठकीला गेले नाहीत. बोलवायला कुणी आलं तर म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं." शेवटपर्यंत हेच उत्तर. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मी कापडं बदलायला जानवश्याला गेल्तो. मला त्यातलं कायबी म्हाईत न्हाई." मी विश्वास ठेवला. एवढंच नाही, आईपुढे त्यांची बाजू घेतली. नवरदेव बिचारा, त्याला काय ठाऊक, असं मीच म्हणाले. इतकी वर्षं मी चुलतसासऱ्यांवर रागावले, ते गेल्यावर कर्ण्यांवर रागावले, आणि या एका माणसाला त्यातून वगळलं.

शेवटी मीच म्हटलं, चला, बघून येऊ. नाही म्हणायचं तर त्या कारागिराच्या दारात म्हणू. श्रीगोंद्याहून कोपरगाव म्हणजे अख्खा जिल्हा उभा ओलांडायचा. आमची गाडी लहान, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत मधोमध चाललेले, आणि राहुरीच्या पुढे माझी कंबर कामातून गेली. मालक मात्र शीळ घालत होते. कर्णे गुंडाळून आणायला त्यांनी दोन गोधड्या घेतल्या होत्या. त्यातली एक माझ्या आईनं शिवलेली निघाली. ती मी मांडीवर घेतली आणि सोडली नाही.

कारागिराची पत्र्याची शेड उसाच्या कडेला होती. माणूस कामाचा होता, हे मान्य करते. पोचे असे काढले होते की हात फिरवला तरी लागू नयेत. बाहेरून राखाडी रंग, आतून लाल. शेडच्या बाहेर लोखंडी पाइपवर त्यानं दोन्ही कर्णे उसाकडे तोंड करून बसवले होते. त्यानं मशीन चालू केलं, ते गरम होईपर्यंत आम्हाला चहा दिला, आणि एक जुनी भजनाची तबकडी लावली.

आवाज चांगला होता. खोटं कशाला बोलू? डीजेसारखी छातीत धडधड नाही, खिडक्यांच्या काचा हलत नाहीत. एकेक शब्द सुटा, निवडलेल्या गव्हासारखा. उसात खुरपणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून ऐकायला लागल्या. मालकांकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरून आलेले. निवृत्तीनंतर त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता. माझा अर्धा नकार तिथंच गळाला. जाऊ दे, मनात म्हटलं, भांड्याचं दुखणं पत्र्यावर किती दिवस काढायचं? मांडीवरच्या गोधडीची घडी मी मोडायला लागले होते.

तबकडी संपली. कारागिरानं मालकांच्या हातात माईक दिला. हॅलो हॅलो झालं, एक दोन तीन झालं. मग माईक हातात तसाच ठेवून मालक त्याला कौतुकानं सांगायला लागले.

"हाच आवाज! माझ्या लग्नात आमच्या काकांचं आसंच कर्नं हुतं. मी जानवश्याला कापडं बदलत हुतो. सासरं पानी घिऊन आलं. नवी कोरी कळशी, निस्ती चमकत हुती. माझ्या वंजळीत पानी वतलं, आन् तेवढ्यात काका कर्न्यावरनं वरडलं, कळशी न्हाई! मला आसा ठसका लागला म्हनता, हसू आवरंना. एवढ्या लांब हुतो, पन शब्दन् शब्द कानावर. आसं स्वच्छ वाजायचं बघा."

कारागीर हसला. त्याचं काही चुकलं नाही, त्याला गोष्ट गमतीची वाटली. मी उभी राहिले.

"मंग आमच्या आप्पांनी काय केलं?" मी विचारलं.

"काय करत्याल? माझ्याकडं बघितलं."

"आन् तुमी?"

"म्या काय करनार? पानी पिलो."

वडिलांनी यांच्याकडे बघितलं होतं. कळशी वापरली हे वडिलांना स्वतःच्या तोंडानं सांगता येत नव्हतं, पण नवरदेवाला येत होतं. ही काय कळशी, मीच हिच्यातलं पाणी प्यालो, एवढं नवरदेव मांडवात येऊन म्हणाला असता तर त्या मांडवात कुणाची हसायची छाती झाली नसती. माझे वडील त्या एका वाक्याची वाट बघत कळशी धरून उभे होते, आणि हे ओंजळीत हसत होते. वर मला पहिल्याच वर्षी सांगितलं, मला कायबी म्हाईत न्हाई.

मी म्हटलं, "कर्नं घ्या. माझं काय म्हननं न्हाई. फकस्त आत्ता म्हना, कळशी हुती."

"कुनाला म्हनू?"

"हितंच. हातात माईक हाय न्हवं?"

"काय येडी का काय तू!" मालक म्हणाले, आणि माईक चालू होता. ते वाक्य उसावरून गेलं, पलीकडच्या वस्तीपर्यंत गेलं. खुरपणाऱ्या बायकांनी माना वर केल्या आणि मग माझ्याकडं बघितलं. कारागिरानं घाईनं बटण खाली केलं. म्हणाला, "वहिनी, आजून च्या घेता का?"

मला चहा नको होता. मी पुन्हा तेच म्हटलं, दोन शब्दांचं काम आहे, कळशी हुती. मालकांनी एका कर्ण्याच्या कडेवर हात ठेवला होता. माझ्याकडे बघितलं, कर्ण्याकडे बघितलं. पंधरा दिवस जिच्यासाठी मेथी निवडली ती वस्तू हाताखाली होती, आणि तिची उरलेली किंमत दोन शब्द होती. त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "चल."

परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर बसले. मालकांनी शीळ घातली नाही.

गावात त्यांनी पारावर सांगितलं, सौदा जमला होता पण हिला आवाजाचा त्रास होतो, बीपी आहे. लोकांना पटलं. दोघा-तिघांनी मालकांच्या समजूतदारपणाचं कौतुकही केलं. ते माझ्यापर्यंत तिसऱ्या दिवशी आलं, संध्याकाळी, शेजारणीच्या तोंडून. मालक आत चहा पीत टीव्ही बघत होते.

"आक्का, कर्न्याचा लई तरास व्हतो व्हय तुमाला?" तिनं विचारलं. "डोकं दुखतं का?"

"न्हाई गं. ऐकायला मला कसलाच तरास न्हाई. बस, सांगते."

ती ओट्यावर टेकली. दळण घेऊन चाललेल्या आणखी दोघी थांबल्या. आत टीव्हीचा आवाज बंद झाला. वैशाखातलं ऊन होतं आणि वऱ्हाड दोन तास उशिरा आलं, इथून मी सुरुवात केली, आणि आवाज कमी केला नाही.