‘इतर’ रकान्यातला उंट

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी धाराशिवच्या आमच्या कॉलेजात पाण्याचा माठ आणि ग्रंथालयाचं अनुदान, दोन्ही एकदमच अर्ध्यावर आली. मी तिथं लिपिक होते. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, शेतीशास्त्राची दोन नियतकालिकं येतात, एक अमेरिकेचं आणि एक आपल्याकडचं. यापुढं एकच येईल. जगाच्या कोणत्या भागातल्या संशोधनाला जास्त वजन आहे ते बघा, आठ दिवसांत यादी द्या.

यादी म्हटली की मला हुरूप येतो. माझ्या घरी लोणच्याच्या बरण्यांचीही यादी असे. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी, ज्यांच्या संशोधनाचा आधार घेतला त्यांची नावं असतात. ज्या भागाची नावं जास्त, त्याचं वजन जास्त. मी कागद आखला: अमेरिका, युरोप, रशिया, जपान, भारत, आणि उरलेल्यांना ‘इतर’. मग अमेरिकेचे वर्षभराचे अंक घेऊन रेघा ओढत बसले. अमेरिकेची रांग कागदाबाहेर गेली. भारताला चार रेघा.

हे वनस्पतिशास्त्राच्या सरांना कळलं आणि ते तडक आले. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला नावाच्या तणावर त्यांनी एकच निबंध लिहिला होता. तो आपल्याकडच्या नियतकालिकात आला होता. दुसरा निम्मा झाला होता, पण तिथं वर्गणीदार कॉलेजांचेच लेख घेत. वर्गणी बंद, तर सरही बंद.

यादी बघून ते म्हणाले, “बाई, पाटलाच्या घरच्या लग्नात बसून टोपी-टॉवेल मोजलेत तुम्ही. तिथं पाटलाच्याच सोयऱ्यांचा मान होणार.”

खरं होतं. मग मी आपल्याकडच्या अंकांवर रेघा ओढल्या. तिथं भारत पहिला आला. सोयऱ्यांचा मान राखण्यात आपणही मागं नव्हतो. प्राचार्यांपुढं दोन याद्या, दोन पहिले नंबर. त्यांनी चष्मा पुसला आणि सोमवारी चिठ्ठी टाकू म्हणाले. सर दोन दिवस चहाला आले नाहीत.

शनिवारी शिपाईमामा टपाल घेऊन आले.

“बाई, उंटाचं तिकीट हाय. कुठला मुलूख म्हणायचा ह्यो?”

पोस्टकार्ड सुदानहून आलं होतं. तिकडच्या ज्वारीतही हेच तण माजलं होतं आणि कुणा संशोधकानं सरांच्या निबंधाची प्रत मागितली होती. सरांचं आडनाव त्यात अचूक होतं. आमच्या पगारपत्रकात ते तसं कधीच नसे.

मी दोन्ही याद्या काढल्या. सुदान कुठंच नव्हतं. दोन्हीकडं ‘इतर’मध्ये गेलं होतं, आणि तिथवर येईतो हात दुखायला लागल्यानं मी नुसता अंदाज लिहिला होता. यादीच्या बाबतीत हे पाप मी एकदाच केलं.

प्राचार्यांनी पोस्टकार्ड उलटसुलट केलं, उंट दोनदा बघितला, “आपला अंक तिकडंही वाचतात तर,” म्हणाले आणि आपल्याकडचं नियतकालिक ठेवलं. चिठ्ठीची गरज पडली नाही.

सरांकडं छापील प्रत एकच उरली होती. ती ते द्यायला तयार होईनात, म्हणून मी टाइप करायला बसले. ते शेजारी उभं राहून एकेक वाक्य सांगत होते. शेवटचं पान झाल्यावर म्हणाले, “बाई, त्या ‘इतर’ला आता वेगळे रकाने पाडा.”

“सगळ्यांना?”

“सुरुवात सुदानपासून करा.”

मी पट्टी घेतली.