पायरीचा दगड

थोरल्या काकू रागावल्या की आधी चपला काढायच्या. मारायला नव्हे. अनवाणी उभ्या राहिल्या की आता त्या तिथून हलणार नाहीत, हे सगळ्या गुंजवणे गावाला कळायचं. फाट्यावर न थांबलेल्या एसटीच्या दारात त्या अशाच उभ्या राहिल्या होत्या, ड्रायव्हरने गाडी मागे घेईपर्यंत.

त्यांचा संतोष इंग्लंडात, विंचेस्टरला नोकरीला आहे. काकू उन्हाळाभर तिकडे राहून आल्या. गावाबाहेरची नदी, मेंढरांची कुरणं त्यांना आवडली. "डोंगर मातुर निस्ते नावाला," म्हणाल्या. मग संतोषने तिथलं जुनं, मोठं चर्च दाखवलं. आत फरशीवर मेलेल्या माणसांची नावं कोरलेली, आणि लोक बूट घालून त्यांवरून चाललेले. काकूंनी तिथंच चपला काढल्या. संतोष ओशाळून म्हणाला, "आई, चल. इथं सगळे चालतात."

"सगळ्यांच्या पायाचं मला काय सांगतो?"

एकेक नाव चुकवत त्या भिंतीकडेने गेल्या. मला हे सांगताना म्हणाल्या, "तितंच मला आपली पायरी आठवली रं."

आमचं जुनं गाव धरणात गेलं. तिथला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या पूर्वजाचा कोरीव दगड, ट्रॅक्टरने वर आणला आणि नव्या देवळाला पायरी हवी म्हणून सिमेंटात बसवला. त्यावरच्या घोडेस्वाराच्या छातीवर गाव चपला काढून ठेवतं.

परतल्यावर काकू देवळाच्या कमिटीपुढे अनवाणी उभ्या राहिल्या. "त्यांची रीत त्यांच्यापाशी. आपल्यात तर पाय लावत न्हाईत ना?" लोक हसले. काकूंना लंडनची हवा लागली म्हणाले. मी भोरला कॉलेजात इतिहास शिकतो. मी बोलायला उठलो तर मलाही हसले. 

काकू पुन्हा देवळात चढल्या नाहीत. भर पावसातही रस्त्यावरूनच हात जोडायच्या. बाजूने चढा म्हटलं तर एकच उत्तर, "आदी त्यो उठू दे."

यंदा काकू गेल्या. सुतक फिटल्यावर संतोष नारळ घेऊन देवळाशी आला आणि पायरीपाशी थबकला. कमिटीचे अध्यक्ष वरून म्हणाले, "चढ की. सगळेच चढतात."

संतोषने रस्त्यातच बूट काढले. नारळ माझ्या हाती दिला.

"पहार कुणाकडं हाय?"