कुंदनच्या नावाचा ठराव

मी मीना, कुंदनची वहिनी. मी लग्न होऊन देवळा तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा तो सातवीत होता. माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झालाय. आता चौतिशी गाठली, तरी लग्नाचं जमेना. मुलीकडचे पहिलं हेच विचारतात, मुलगा करतो काय?

करतो काय! रोजगार हमीच्या कामांची हजेरी, अर्ज, तालुक्याच्या खेपा, सगळं सहा वर्षं यानंच केलं. नाव मात्र जुन्या रोजगार सेवकाचं. तो सोडून गेला आणि जागा रिकामी झाली. मानधन तसं चहापाण्यापुरतंच, पण नेमणुकीला ग्रामसभेचा ठराव लागतो. आणि आमच्या गावात नळाला पाणी कधी सोडायचं यावरही दोन पार्ट्या!

कुंदन दोन्हीकडे गेला. सरपंच खंडेरावनाना म्हणाले, "कामाचा माणूस आहेस, बघू." विरोधातले सावळीरामआप्पा म्हणाले, "तू आपलाच." महिनाभर चपला झिजवल्या बिचाऱ्यानं.

तेवढ्यात आप्पांचा वाढदिवस आला. पोरांनी चौकात फ्लेक्स लावला आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत कुंदनचा फोटो छापला. विचारलं कुणी? छे! नानांनी बोलावून एवढंच म्हटलं, "बघितला हं फोटो."

मग या शहाण्यानं काय करावं? भरदुपारी शिडी लावून चढला आणि आपल्याच तोंडावर पांढरा कागद चिकटवून आला. सगळा चौक बघत होता. मी डोक्याला हात लावला. आप्पांची माणसं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनात, आणि नाना काही विरघळले नाहीत.

ग्रामसभेत नानांनी पुतण्याचं नाव पुढं केलं. धडाधड हात वर झाले. मग ग्रामसेवकांनी विचारलं, "कुंदनच्या बाजूनं कोण?"

आप्पांची माणसं मोबाईलमध्ये बघत बसली. एकट्या साळूबाईनं हात वर केला. तिची अडकलेली मजुरी कुंदननंच मिळवून दिली होती. म्हातारी इकडं तिकडं बघत होती, आणखी कुणी आहे का म्हणून.

मी तिच्या शेजारीच बसले होते. शाळेत पोषण आहार शिजवते मी. दरसाल समिती ठरवते, बाई ठेवायची की बदलायची, आणि समितीत सगळी नानांची माणसं. माझा हात पदरातून बाहेर निघालाच नाही. जळो मेलं ते काम!

घरी आल्यावर तो ओट्यावर बसला. मी पाणी दिलं. म्हटलं, "कुंदन, माझं चुकलं रे."

"नाही वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही हात वर कराल, याचीच मला भीती वाटत होती."